वजा चोवीस

अक्का आल्या त्या स्वतःची मिठाची पुडी घेऊनच. भावाच्या घरातला स्वयंपाक दोन वर्षांपासून अळणी झाला होता आणि या निर्णयाला अक्कांचा पूर्ण पाठिंबा होता, फक्त स्वतःचं ताट सोडून. पर्समधून पुडी काढून त्यांनी ती पाण्याच्या ग्लासाआड लपवली, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशी लपवली, आणि खुर्ची ओढत विचारलं, "मग? जाळायचं ठरलं का?"

"आत्या, जाळायचं काय म्हणतेस," भाची बारकी म्हणाली. "ऐकणाऱ्याला वाटेल, आबांनाच जाळायचंय."

"मी तेच तर विचारतेय."

आबा हसले. बाकी कुणी हसलं नाही. रविवार होता, खालचा कारखाना बंद होता, आणि टेबलाच्या मधोमध फळांच्या परडीखाली एक कोपरा दाबून हॉस्पिटलचा चार पानी संमतीचा फॉर्म पडला होता. उद्या सकाळी नऊच्या आत तो सहीनिशी परत गेला तर आबांचा नंबर गुरुवारी. नाही गेला तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला, आणि आबांना आणखी चार महिने थांबायचं. एवढ्यासाठी आबांच्या थोरल्या मुलानं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे काय, तो आणि सून राहतात त्याच घरात. त्यानं बहिणीला आणि आत्याला फोन केले आणि स्वयंपाक आईवर सोडला.

आई वाढत होती. तिच्या मते त्या फॉर्मची जागा टेबलावर नव्हतीच, केराच्या टोपलीत होती. पण तसं तोंडानं म्हणायची तिला गरज नव्हती. तिच्याकडे वही होती.

वही निळ्या पुठ्ठ्याची, चार वर्षांतली तिसरी. सकाळी सात आणि दुपारी अडीच, रोज दोनदा आबांचं ब्लडप्रेशर. मध्ये तिला स्वतःला ताप आला होता, त्या चार दिवसांचेसुद्धा आकडे होते, जरा वाकड्या अक्षरात. दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबायचा, कानात नळ्या घालून ठोके ऐकायचे आणि पहिला ठोका पडला की तबकडीवरचा काटा बघायचा, हे सगळं तिला बारकीनंच शिकवलं होतं. आणि आता बारकीच त्या वहीकडे अशी बघत होती, जणू लहान मुलीनं काढलेलं चित्र कौतुकानं भिंतीला लावलंय. आईला त्याचा मनापासून राग येत होता.

"एकशे चौतीस, एकशे छत्तीस, एकशे अडतीस," भात वाढता वाढता तिनं पाठ म्हटलं. "या महिन्यात एकदाही एकशे चाळीसच्या वर नाही. मीठ बंद केलं त्या आठवड्यापासून जो उतरलाय तो उतरलाय. आणि त्या डॉक्टरला एका दिवसात एकशे साठ दिसले."

"एकदाच नाही दिसले, आई. दंडाला यंत्र बांधून अख्खा दिवस आणि अख्खी रात्र, दर अर्ध्या तासानं."

"दर अर्ध्या तासानं कुणी दंड आवळला तर माझंही चढेल."

"बरोबर आहे," अक्का म्हणाल्या. "माझं बघा. दर रविवारी हीच मोजते. एकशे अठरा! या वयात. आणि मी मीठ खाते."

थोरल्यानं घास खाली ठेवला. "आत्या, चार गोळ्या चालू आहेत त्यांना. चार. हृदयाची भिंत जाड झालीय हे फोटोत दिसलं म्हणून तर ते यंत्र बांधलं. गोळ्या खरंच घेतात का तेही लघवी तपासून बघितलं. मूत्रपिंडं बघितली, ग्रंथी बघितल्या. सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता हे करून बघू."

"करून बघू!" आई म्हणाली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? करून बघू."

थोरल्यानं ओठ चावला. शब्द चुकला हे त्याला बोलता बोलताच कळलं होतं.

आबांनी मुलीकडे पाहिलं. "तू सांग. तू रोज त्या खोलीत असतेस."

बारकी हॉस्पिटलात त्या खोलीतलं एक्स-रेचं यंत्र चालवायची, जिथे नळ्या घालून हृदयाची कामं करतात. दिवसभर अंगावर शिशाचा जड झगा आणि डोळ्यांसमोर पडदा. परक्या माणसांना ती हे रोज समजावून सांगत असे. बापाला सांगताना ती आधी पाणी प्यायली.

"जांघेत एक बारीक भोक पाडतात, आबा. त्यातून रक्तवाहिनीत नळी घालायची आणि पडद्यावर बघत बघत वर न्यायची, किडनीला रक्त नेणाऱ्या धमनीपर्यंत. त्या धमनीच्या बाहेरून बारीक नसा गेलेल्या असतात. त्या सारख्या निरोप देत असतात, मीठ धरून ठेवा, पाणी धरून ठेवा, दाब वाढवा. नळीच्या टोकातून उष्णता देऊन त्यातल्या काही नसा बंद करायच्या. एक बाजू झाली की दुसरी. तासाभराचं काम. तेवढा वेळ दुखतं, म्हणून गुंगीचं औषध देतात. मग पाच-सहा तास पाय न हलवता पडून राहायचं, आणि सगळं ठीक असलं की दुसऱ्या दिवशी घरी."

"आणि दाब?"

"तो लगेच नाही उतरत. आठवडे लागतात, महिनेसुद्धा."

"किती उतरतो?"

"साधारण एका गोळीनं उतरावा तेवढा. कुणाचा जास्त. कुणाचा उतरतच नाही, आणि तो कुणाचा ते आधी कळत नाही."

"आणि गोळ्या?"

"त्या बहुतेक चालूच. एखादी कमी झाली तर झाली."

"वा," अक्का म्हणाल्या. "म्हणजे जाळूनही घ्यायचं आणि गोळ्याही गिळायच्या."

आबांचा आवाज कधी चढत नसे. खाली त्यांच्या कारखान्यात बॉयलरचे, गॅसच्या टाक्यांचे, दवाखान्यांतल्या सिलिंडरचे दाब दाखवणारे प्रेशर गेज तपासायला येत. आबांनी एखादा गेज नापास केला की मालक हमरीतुमरीवर येत, आणि आबा याच सुरात उत्तर देत.

"हे बघा," ते म्हणाले. "माझ्याकडे एक गेज आला. एक परका माणूस एक दिवस मोजतो आणि म्हणतो, बिघडलाय. दुसरा माणूस तोच गेज, त्याच जागी, त्याच हातानं, वर्षानुवर्षं रोज दोनदा मोजतो आणि म्हणतो, ठीक आहे. मी कुणाचं ऐकायचं? मी आयुष्यभर त्या दुसऱ्या माणसाचं ऐकलं. मी सही करत नाही."

आईनं आबांच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

थोरल्याच्या डोक्यात गेला तो भात. सगळं आयुष्य हे दोघं असेच एका बाजूला बसत आले होते आणि समोरच्या खुर्चीत कायम तो. खाली कारखान्यातलं तिसरं टेबल त्याला दिसत होतं, ज्याच्यावर कुणी काम करत नाही, नुसती खोकी ठेवतात. आजोबा तिथे उभे असताना कोसळले, हातातला पेचकस न सोडता. मला काही झालं नाही, मला काही झालं नाही, असं अर्ध्या तोंडानं म्हणत राहिले. मग सहा वर्षं अंथरुणात. तेव्हा ते बासष्टचे होते. आबा बासष्टचे झाले त्या दिवशी घरात कुणी ब्र काढला नाही, पण दुसऱ्या दिवशी आई पहिली निळी वही घेऊन आली. आबा आता सहासष्टचे.

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर ते सांगायची आणि घरी आली की कुणाला काही सांगत नसे. आत्ताही ती संत्रं सोलत होती.

"तू तरी बोल काहीतरी," तो पुटपुटला.

"मी काय बोलू," ती म्हणाली. "मापं आईंची आहेत."

*

अडीच वाजले. पसारा तसाच ठेवून आईनं कपाटातून यंत्र काढलं. वादावादी असो नाहीतर पाहुणे, अडीच म्हणजे अडीच. आबांनी बाही वर केली, हात टेबलावर ठेवला आणि तोंड खिडकीकडे केलं. हाही कारखान्याचाच नियम: ज्याचा गेज, त्यानं काट्याकडे बघायचं नाही. बघितलं की माणूस मनातल्या मनात काट्याला ढकलतो, असं आबा म्हणत. चार वर्षांत त्यांनी स्वतःच्या मापाच्या वेळी एकदाही मान वळवली नव्हती.

एरवी त्या वेळी तिथे दोघंच असत. आज टेबलाभोवती सहा जण होते आणि सून आईच्या डाव्या हाताला अडकली होती. "आहेस तर लिही," आई म्हणाली आणि वही तिच्याकडे सरकवली.

सुनेनं पेन उघडलं. आईनं फुगा दाबला, काटा चढला, मग हलकेच खाली येऊ लागला. एकशे सत्तर. एकशे पासष्ट. एकशे साठाशी तो थरथरला, ठोक्याबरोबर एकेक बारीक उडी मारत खाली गेला. आईचे डोळे त्याच्यावरच होते.

"एकशे छत्तीस," आई म्हणाली. "लिही."

सुनेचं पेन वहीवर टेकलं आणि तिथेच राहिलं. "आई, काटा साठावर होता ना? एकशे साठ?"

"अगं, चिठ्ठी बघ की. वजा चोवीस."

यंत्राच्या रबरी नळीला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गेजला अशी चिठ्ठी असते, काटा किती चुकतो ते सांगणारी. एखादा जुना गेज सगळीकडे सारखाच चुकत असेल तर आबा तो उघडत नसत. उघडला तर जातो, न उघडता वजाबाकी केली तर आणखी दहा वर्षं चालतो. सुनेला आबांचं अक्षर ओळखीचं होतं. वजा २४. खाली तारीख, चार वर्षांपूर्वीची.

तिनं एकशे छत्तीस लिहिलं. अक्षर नीट आलं, याचं तिला नंतर नवल वाटलं.

"आता माझं," म्हणत अक्कांनी दंड पुढे केला.

भांडी घासायच्या वेळी सुनेनं नळ मोठा सोडला आणि बारकीच्या कानाशी लागली. "जुनं यंत्र फुटलं होतं, आठवतं? आईंच्या हातून पडलं, तबकडीची काच गेली. दोन वर्षं झाली. नवं मी आणलं, आमच्याच दुकानातून. अगदी तसंच दिसणारं."

"बरं मग?"

"चिठ्ठी जुन्याची आहे."

बारकीच्या हातातली थाळी पाण्यात गेली. तिच्या आईनं ती चिठ्ठी किती काळजीनं सोडली असेल, किती काळजीनं नव्या नळीला बांधली असेल, तेच डोळ्यांपुढे आलं. या घरात चिठ्ठी नसलेल्या यंत्रावर कुणी विश्वासच ठेवला नसता.

"मिठानं उतरला म्हणत होतो आपण," ती म्हणाली. "मीठ बंद केलं त्या आठवड्यात..."

"त्याच आठवड्यात मी यंत्र आणलं."

"वहिनी, आत्ताच्या आत्ता सांगूया. सगळ्यांना."

"आत्यांसमोर? आईंचं काय होईल?"

"आणि नाही सांगितलं तर आबांचं काय होईल?"

"सांगायचं नाही असं कुठे म्हणतेय मी? आधी खात्री करू. नवंही चुकत असलं तर? ते यंत्र आजवर कुणी तपासलेलंच नाही."

बारकीनं हात पुसले. "आणि खात्री करायची जागा खाली आहे," ती म्हणाली. "जा तू. मी गेले तर रडेन."

*

रविवारी दुपारी आबा कारखान्यात नुसते बसत. दिवे लावत नसत. खिडक्यांतून पुरेसा उजेड यायचा. सून खाली आली आणि यंत्र त्यांच्यासमोर ठेवून म्हणाली, "आबा, हे एकदा लावून बघता का?"

"का? अडखळतंय?"

"आधी बघा. मग सांगते."

असं गिऱ्हाईक आबांना आवडायचं, स्वतःचं मत आधी न सांगणारं. त्यांनी यंत्राची नळी भिंतीवरच्या पाऱ्याच्या उंच काचनळीला जोडली. ती नळी त्यांच्या वडिलांची. पारा खोटं बोलत नाही, त्याला स्प्रिंग नसते, असं वडील म्हणायचे. आबांनी फुगा दाबला. शंभरावर पारा, शंभरावर काटा. एकशे वीस, एकशे वीस. एकशे साठाला ते थांबले, वाकून दोन्हींकडे पाहिलं. मग दोनशेपर्यंत नेऊन परत खाली आणलं. कुठेही एकाच्या वर फरक नव्हता.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "कुणाचं?"

"तुमचंच. घरचं."

"छे. घरचं चोवीसनं चुकतं." बोलता बोलता त्यांनी चिठ्ठी हातात घेतली. आपलं अक्षर पाहिलं, तारीख पाहिली. मग चिठ्ठी उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

सुनेनं नवं यंत्र कधी आणलं ते सांगितलं, तेही त्यांनी मान न वळवता ऐकून घेतलं.

"माझंही लक्ष गेलं नाही, आबा. मी तर औषधांतली."

"आज किती होता?"

"एकशे साठ."

आबा स्टुलावर बसले. त्यांना भीती वाटली. चार वर्षांपूर्वी बासष्ट पूर्ण झाली तेव्हा वाटली होती तशीच, आणि ती गेली असं त्यांनी धरलं होतं कारण वहीत आकडे चांगले येत होते. वडिलांना निदान माहीत नव्हतं. आपण रोज दोनदा मोजून घेत होतो, आणि तरी माहीत नव्हतं.

"घाबरलोय मी," ते म्हणाले. सुनेशी ते असं कधी बोलले नव्हते. पण ती समोर होती आणि ते खरं होतं.

"मग सही करा."

"करतो. वर जातो आणि करतो. विचार बदलला म्हणतो. कारण कुणी विचारायचं नाही. हे इथेच राहू दे, तुझ्या-माझ्यात."

"बारकीला माहितीय."

"बारकी बोलणार नाही. तुझ्या सासूला कळता कामा नये. ती मोडून पडेल."

"कोण मोडून पडेल?" आई जिन्यावरून म्हणाली.

ती यंत्र शोधत आली होती. कपाटातली जागा रिकामी दिसली की ती स्वस्थ बसणारी नव्हती. शेवटच्या दोन पायऱ्या ती कठडा धरून उतरली, काचनळीजवळ आली आणि थांबली. आबांनी फुग्यातली हवा पूर्ण सोडली नव्हती. पारा एकशे वीसवर होता, काटाही. एक्केचाळीस वर्षं गेज तपासणाऱ्याच्या घरात काढल्यावर तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"जुनं यंत्र चोवीसनं जास्त दाखवायचं," ती सावकाश म्हणाली.

"हो."

"आणि हे बरोबर दाखवतं."

"हो."

"आणि मी..." ती खोक्यांनी भरलेल्या तिसऱ्या टेबलाला टेकली. "मी वजा करत बसले. दोन वर्षं. रोज दोनदा तुमचा हात हातात घेऊन. डॉक्टरला वही दाखवली मी, चांगलं चाललंय म्हणाले ते. माझ्या वहीवर विसंबून बसले. आणि मघाशी मी जेवायला वाढत होते, मला वाटत होतं, जिंकले मी."

सून पुढे झाली. आबांनी तिला हातानंच थांबवलं.

"इकडे बघ," ते आईला म्हणाले. "ही चिठ्ठी बघ. काय नाहीये हिच्यावर?"

"मला नका आता कोडी घालू."

"कोडं नाही. यंत्राचा नंबर नाहीये. इथल्या प्रत्येक चिठ्ठीवर नंबर असतो, म्हणजे ती दुसऱ्या यंत्राला लागत नाही. त्याशिवाय मी कुठलीच चिठ्ठी बाहेर जाऊ देत नाही. थोरल्याला यावरून किती बोललोय मी. आणि घरचंच आहे म्हणून मी तो लिहिला नाही. तू बरोबर वाचलंस, बरोबर वजा केलंस. चुकीची चिठ्ठी माझी आहे."

"माझं मन राखायला म्हणताय."

"नंबर असता तर तू ती या यंत्राला बांधली असतीस?"

आईनं विचार केला. खरोखरच केला. "नसती," ती म्हणाली.

"मग."

ती रडली, थोडीच. आबा तिच्या शेजारी टेबलाला टेकून उभे राहिले. सून काचनळीपाशी जाऊन, काम नसताना, फुग्यातली हवा सोडत राहिली.

"वर काही बोलू नकोस," आबा म्हणाले. "मी सही करतो. संपलं."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि जिन्याकडे निघाली.

*

वर येताच ती टेबलाशी उभी राहिली, बसली नाही, आणि अक्का, थोरला आणि बारकी या तिघांना जसं झालं तसं सांगितलं. यंत्र कधी बदललं, चिठ्ठी कुणी बांधली, काटा आज कुठे होता. आबा मागून येऊन खुर्चीत बसले होते, त्यांनी मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला तर ती म्हणाली, "नंबरचं तुम्ही सांगा नंतर. आधी माझं होऊ दे."

थोरल्याला वाटलं होतं, हा वाद जिंकला तर छान वाटेल. जिंकला होता, आणि त्याला फक्त उठून आईजवळ जावंसं वाटलं. तो उठला. काय बोलावं ते न कळून त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"म्हणजे बाकीच्या वह्या?" बारकीनं विचारलं.

"पहिली बरोबर. दुसरी अर्धी बरोबर," आई म्हणाली. "तिथून पुढे प्रत्येक आकड्यात चोवीस मिळवायचे. डॉक्टरला द्यायच्या आधी मी मिळवून देते. लाल शाईनं."

अक्का बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "माझंही त्याच यंत्रावर मोजतेस ना गं तू?"

"हो, अक्का."

"म्हणजे माझं एकशे अठरा नाही?"

"एकशे बेचाळीस," सून हळूच म्हणाली.

अक्कांनी छातीवर हात ठेवला. जगातल्या कुठल्याही डॉक्टरानं सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण हा काटा भावाच्या पाऱ्याशी ताडून पाहिलेला होता. त्यांनी ग्लासाआडची मिठाची पुडी उचलली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. "अरे, बघतोस काय?" त्या भावावर डाफरल्या. "कर ना सही! बाबांसारखं अंथरुणात पडून मला हाका मारायच्यात का तुला? सहा वर्षं मी भरवलंय त्यांना, तुला नाही भरवणार."

थोरल्याला हसू आवरलं नाही. मग बारकीलाही. आईसुद्धा ओल्या डोळ्यांनी हसली, आणि त्या हसण्यानं खोलीतली हवा जरा मोकळी झाली.

आबांनी परडीखालून फॉर्म काढला. चारही पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. न वाचता त्यांनी आयुष्यात कशावर सही केली नव्हती. रक्तस्राव होऊ शकतो, धमनीला इजा होऊ शकते, उपयोग होईलच असं नाही. एका ओळीशी थांबून त्यांनी बारकीला विचारलं, "गुरुवारी तू असशील त्या खोलीत?"

"मी ड्युटी बदलून घेतली होती, आबा. मला बघवणार नाही म्हणून." ती थांबली. "परत बदलून घेते."

"नको. बाहेर आईजवळ बस. आत तुझ्यासारखं दुसरं कुणीतरी असेल ना?"

"आहे. माझ्याहून चांगली आहे."

"मग झालं."

त्यांनी सही केली. खाली आणखी एक ओळ होती, साक्षीदाराची. थोरल्यानं पेनासाठी हात पुढे केला.

"थांब," आबा म्हणाले. "आपल्या कारखान्याच्या कागदावर दुसरी सही कुणाची असते?"

"ज्यानं माप घेतलं त्याची."

आबांनी फॉर्म आईपुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"माझी कशाला?" आई म्हणाली. "माझ्या मापाची शोभा झाली तेवढी पुरे."

"चार वर्षांत एक दिवस चुकली नाहीस. तापात मोजलंस. मला दुसऱ्या कुणाची सही नको."

आईनं पेन घेतलं, पण टेकवलं नाही. तिनं मुलीला विचारलं, "आणि नाही उतरला तर?"

"तर नाही उतरला, आई. गोळ्या आहेतच. मग डॉक्टर पुढचं बघतील."

"कळणार कधी?"

"दोन-तीन महिन्यांनी. तोवर तू मोजायचं. दिसेल ते."

आईनं मान डोलावली. मग ती खाली वाकली आणि शाळेत शिकवली होती तशी, पूर्ण नाव लिहून, सावकाश सही केली. चार वर्षं तिनं रोज दोनदा नवऱ्याचा हात धरून त्याला फक्त आकडे सांगितले होते. आता तिनं पेनाचं टोपण लावलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "आकडा काय यायचा तो येऊ दे. तुम्ही मला परत हवे आहात."